दयेचा हात की हक्काची वाट?

वाचकहो, मज्जातंतूंवरील आवरण झिजविणारा मल्टिपल स्क्लेरॉसिस हा रोग जडलेल्या पत्नीसह आम्ही नुकताच आगगाडीने प्रवास केला. उष्म्याने या रोगाची लक्षणे बळावतात; म्हणून पहाटेची गाडी निवडली, चाकाची खुर्चीही घेतली. परंतु फलाट व डब्याची पायरी यांमधील अंतर आमच्या हाती नव्हते. अखेर दोघा हमालांनी तिला उचलून आत ठेवले. "मी काय सामान आहे?" एवढेच ती म्हणाली.

हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने २१ प्रकारांत या रोगाचा स्पष्ट समावेश केला आहे. कलम ४१ अन्वये वाहतुकीची सर्व साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. तथापि २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने सुगमतेची मानके शिफारशींच्या पातळीवर ठेविली. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला व तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

त्या हमालांचे आम्ही ऋणी आहोत. पण उपकारावर चालणारा प्रवास हा नागरिकाचा प्रवास नव्हे. म्हणून वाचकहो, आपल्या रुग्णास घरात कोंडू नका. अडचण आली तर स्टेशनमास्तरकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि तिची प्रत केंद्राच्या दिव्यांग मुख्य आयुक्तांकडे धाडा. मागितल्यावाचून कायदा जागचा हलत नाही.