काखेतले ठिपके

हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात बाळाला न्हाऊ घालताना अंगावर तपकिरी डाग दिसला, तर आजी म्हणते, ‘जन्मखूण आहे, राहू दे.’ बहुतेक वेळा आजीचे खरेच असते. असा एखाददुसरा डाग निरोगी मुलांच्या अंगावरही असतो. पण दुधाळ कॉफीच्या रंगाचे, तुरीच्या दाण्याहून मोठे सहा किंवा अधिक डाग असतील, आणि पुढे काखेत, जांघेत बारीक ठिपके उमटू लागले, तर मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ही न्यूरोफायब्रोमॅटोसिसची, म्हणजे नसांच्या आवरणावर गाठी उठवणाऱ्या आनुवंशिक विकाराची खूण असू शकते.

त्याचा सर्वाधिक आढळणारा पहिला प्रकार सुमारे तीन हजार जन्मांमागे एका मुलात दिसतो. या गाठी नसांच्या आवरणातून उगवतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये दाखवले. कारण सापडायला मात्र १९९० उजाडले. सतराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालणारे प्रथिन बनवते. या मुलांमध्ये त्याची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. नसेभोवतालच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, की तिथे लगाम सुटतो आणि गाठ धरते.

इथे आम्हाला घराघरांतल्या एका अन्यायाबद्दल बोलायचे आहे. मुलाच्या अंगावर गाठी आल्या, की बोट आईकडे जाते. ग्रहणात काही चिरले असेल, डोहाळे पुरवले नसतील! या रोगाचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. निम्म्या रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. जनुकातला बदल त्यांच्यातच प्रथम घडलेला असतो. उरलेल्यांना तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. रोग असलेल्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तो संसर्गजन्य तर नाहीच. तरीही मानेवर, चेहऱ्यावर गाठी असलेला माणूस सिटी बसमध्ये बसला, की शेजारची जागा रिकामी होते.

बहुतेक गाठी साध्या असतात. धोका खोलवर पसरलेल्या, जाळीदार गाठींचा. त्यांतली एखादी झपाट्याने वाढू लागली, टणक झाली, रात्री झोपू देईना, तर कर्करोगाची शंका घेऊन लगेच तपासणी करावी लागते. शिवाय लहानपणी डोळ्याच्या नसेवर गाठ होऊ शकते, पाठीचा कणा वाकतो, रक्तदाब चढतो. कित्येक मुले अभ्यासात मागे पडतात आणि ‘मठ्ठ’ ठरतात. म्हणून दरवर्षी डोळे, कणा, रक्तदाब आणि अभ्यास तपासणे हाच या रोगावरचा मुख्य उपाय आहे. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या जाळीदार गाठी आकसवणाऱ्या सेल्युमेटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागतही नाही. वर्षातून एकदाची तपासणी मात्र प्रत्येकाला लागते.

दुसरा प्रकार बराच विरळ. त्यात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी होतात. तरुणपणी कानात आवाज येऊ लागतो, ऐकू कमी येते, तोल जातो. अंगावर डाग फारसे नसल्याने तो उशिरा कळतो.

गौलीगुड्याच्या माणसाला यासाठी मुंबई गाठायला नको. उस्मानिया रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ आहे. उप्पलचे डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र आणि पंजागुट्ट्याची निझाम्स आयुर्विज्ञान संस्था मिळून २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाखालचे उत्कृष्टता केंद्र आहे. अडते ते पहिल्याच पायरीवर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात तेव्हा मुलाचा सदरा काढून पाठ आणि काख बघायला दोन मिनिटे पुरतात. ही दोन मिनिटे प्रत्येक शाळेतल्या तपासणीत सक्तीची करावीत, अशी आमची मागणी आहे.