व्हिसा लागत नाही, पण किती दिवस? मे महिन्याच्या सुट्टीआधीचा हिशेब

भूगावात पौड रोडला लागून राहणारे आमचे एक शेजारी आतापासूनच मे महिन्याचा बेत आखत आहेत. नवरा-बायको, दोन मुलं आणि अम्मी. थोरली आपा क्वालालंपूरला असते. शाळेला सुट्टी लागली की निघायचं, बकरी ईद आपाकडे करायची आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत परतायचं. म्हणजे साधारण 40 दिवस. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "मलेशिया व्हिसा-फ्री आहे, बिनधास्त जा." 40 दिवसांचं काय, असं विचारल्यावर त्याचं उत्तर तयार होतं. एकोणतिसाव्या दिवशी बॉर्डर ओलांडून थायलंडच्या हात याईला जायचं, एक रात्र काढायची आणि परत यायचं. "नवे 30 दिवस मिळतात. सगळे असंच करतात."

सगळे करतात हे काही अंशी खरं आहे. पण पाच माणसं आणि त्यात म्हातारी अम्मी घेऊन हे करावं का, हा प्रश्न वेगळा आहे.

मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय 30 दिवस राहायची सवलत दिली. ती पुढे 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली आहे. म्हणजे यंदाची सुट्टी तरी त्यात बसते. पण 30 म्हणजे 30, तिथे जाऊन ते वाढवून मिळतील अशी आशा धरू नये. आणि गंमत अशी की मलेशियाचा साधा पर्यटक ई-व्हिसाही 30 दिवसांचाच. तेव्हा पैसे भरून व्हिसा काढला तरी दिवस वाढत नाहीत. इथे बदलायचा तो बेतच.

व्हिसा-फ्री या शब्दाचा आपल्याकडे लोक "परवानगी मिळालीच" असा अर्थ घेतात. तसं नसतं. व्हिसा काढताना कागदपत्रांची तपासणी आपण घरी असताना होते. नाही म्हणाले तर फी गेली, पण माणूस घरातच असतो. व्हिसा-फ्रीमध्ये तीच तपासणी विमानतळावरच्या काउंटरवर होते. परतीचं तिकीट कुठंय, राहणार कुठे, पैसे किती आणलेत? उत्तर पटलं नाही तर मलेशियात त्याला 'नॉट टू लँड' म्हणतात आणि माणसाला परतीच्या विमानात बसवतात. हातात व्हिसा असला तरी अधिकारी अडवू शकतो, हे मान्य. पण कालच बाहेर पडून आज परत आलेल्या कुटुंबाला तो जास्त प्रश्न विचारणार, हे उघड आहे.

थायलंडचं गणित जरा वेगळं आहे. 15 जुलै 2024 पासून तिथे व्हिसाशिवाय 60 दिवस मिळतात. सिंगल एंट्री पर्यटक व्हिसाही 60 दिवसांचाच. दोन्हींत इमिग्रेशन ऑफिसात 1,900 बाट भरून आणखी 30 दिवस मागता येतात. मग व्हिसा काढायचाच कशाला? पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर काढू नका, पैसे वाया जातील. पण दीड-दोन महिने राहायचं असेल तर माझं मत व्हिसाच्या बाजूने आहे. हे 60 दिवस पुन्हा 30 वर आणायचा विचार तिथल्या पर्यटन मंत्र्यांनी मार्च 2025 मध्येच बोलून दाखवलाय. तिकिटं आज काढली आणि सवलत एप्रिलमध्ये आखडली, तर अडचण आपली. शिवाय बाहेर जाऊन लगेच परतणाऱ्यांवर थाई इमिग्रेशनने नोव्हेंबरमध्ये कडक धोरण जाहीर केलं. सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असं केलेलं दिसलं तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. एजंटाची "सगळे करतात" वाली युक्ती यातच मोडते.

सवलत किती लवकर जाऊ शकते हे इराणने दाखवून दिलं. 4 फेब्रुवारी 2024 पासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय 15 दिवस मिळत होते, सहा महिन्यांतून एकदा, आणि तेही फक्त विमानाने आल्यास. कोम आणि मशहदच्या जियारतला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली होती. 22 नोव्हेंबर 2025 पासून ती बंद झाली. आता नुसतं विमान बदलायला उतरायचं असलं तरी व्हिसा हवा. कारण आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच सांगितलं: नोकरीचं किंवा पुढे तिसऱ्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून भारतीयांना याच सवलतीवर इराणला नेलं गेलं आणि तिथे खंडणीसाठी पळवलं गेलं. जियारतवाल्यांचा यात काय दोष? पण दार सगळ्यांसाठीच बंद झालं.

थायलंडमार्गेही हेच झालं आहे. म्यानमारच्या म्यावड्डीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या 549 भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणलं. घरातल्या पोराला कोणी "व्हिसा लागत नाही, आधी ये, नोकरीचे कागद इथे करू" म्हणत असेल, तर तिथेच थांबवा. पर्यटक म्हणून गेलेल्याला काम करता येत नाही, मग व्हिसा असो वा नसो.

दुबईच्या बाबतीत निवड करायची वेळच येत नाही. आपल्या साध्या पासपोर्टवर तिथे व्हिसा लागतोच. पर्यटक व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो, लांबच्या सुट्टीला 60 चाच घ्या. मुदत उलटली की दिवसाला माणशी 50 दिरहम दंड. पाच जण तीन दिवस जास्त राहिले तर 750 दिरहम. थायलंडमध्ये दिवसाला माणशी 500 बाट. कझाकस्तान आणि फिलिपिन्सला व्हिसा लागत नाही, पण दोन्हीकडे 14 दिवसच मिळतात, तेव्हा लांबच्या सुट्टीत ते बसत नाहीत.

सौदीचं एक लक्षात ठेवा. 2026 चा हज मे महिन्याच्या शेवटी, ऐन सुट्टीत येतोय. पर्यटक किंवा व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. 2025 मध्ये तर 1 जिल्कद ते 14 जिल्हज असा व्हिजिट व्हिसावाल्यांना मक्केत जायलाच मज्जाव होता, दंड 20,000 रियालपर्यंत. यंदाही तसंच असेल असं धरून चाला. 2024 च्या उन्हात 1,301 जण दगावले. त्यातले 83 टक्के बिनपरवाना आलेले होते, असं सौदी सरकारनेच सांगितलं. "जाऊ तर खरं, तिथे बघू" म्हणणाऱ्या एजंटाला हा आकडा ऐकवा.

शेजाऱ्यांनी शेवटी बेत असा बदललाय: 26 दिवस मलेशिया, मग 12 दिवस थायलंड आणि बँकॉकहून थेट घरी. मलेशियात परत शिरायचंच नाही, आणि मोजण्यात चूक झाली तरी चार दिवस हाताशी राहतात. दोन्हीकडे व्हिसाचा खर्च नाही. दोन्ही देशांची डिजिटल आगमन कार्डं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आहेत. ती फुकट असतात, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. अम्मीचा प्रवास विमा मात्र एजंटाच्या पॅकेजातला नको म्हणून वेगळा काढताहेत. तिकिटं अजून काढलेली नाहीत. शाळा कधी उघडते त्याची तारीख यायची आहे.