सोशिकतेचे पोवाडे पुरेत!

देशातील बँकांची दारे बंद झाली, की सामान्य माणसाच्या सोशिकतेचे पोवाडे गाण्याची रीतच पडून गेली आहे. आम्हांस ही रीत मान्य नाही.

अर्जेंटिनाचेच पाहा. १९९१ पासून तेथे एक पेसो म्हणजे एक डॉलर, असे कायद्याचे वचन होते. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने खात्यातून आठवड्यास अवघे २५० पेसो रोख काढण्याची मुभा ठेवली. या बंधनास ‘कोरालितो’, म्हणजे लहानसा कोंडवाडा, असे नाव पडले. २००२ च्या आरंभी वचनही मोडले. डॉलरमधील ठेवी डॉलरला १.४० पेसो या दराने सक्तीने बदलण्यात आल्या. त्याच वर्षी बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला.

माणसे जगली कशी? कोणी विनिमय-मंडळांत शिवणकाम देऊन भाजी घेतली, कोणी रात्री पुठ्ठे वेचले. पण हीच जनता स्वयंपाकघरातील भांडी बडवीत रस्त्यावरही उतरली, आणि २० डिसेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांस पायउतार व्हावे लागले. पोवाड्यांत हा भाग सहसा नसतो!

परप्रांती सरकारी लेखणी चालविणाऱ्या आम्हां मंडळींस ‘तात्पुरती गैरसोय’ हा शब्दप्रयोग चांगला परिचयाचा आहे. परंतु ज्याची जन्माची पुंजी कोंडवाड्यात पडली, त्याची ती गैरसोय नव्हे. ती लूट होय. सोसणे हा त्याचा नाइलाज. त्यास सद्गुण म्हणणे म्हणजे हिशेब मागणाऱ्याच्या गळ्यात हार घालून त्याचे तोंड बंद करणे होय.