छप्पर कोणाचे वाचावे?

१/ मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा आला.

२/ पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने, कलम ६० अन्वये, शेतकरी, मजूर व घरगुती नोकर यांचे स्वतःचे राहते घर जप्तीतून वगळले.

३/ म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यातील हमालाचे घर वाचते. गुलमंडीवरील कर्जबाजारी दुकानदाराला मात्र या तरतुदीचा आधार नाही. छप्पर तर दोघांनाही सारखेच लागते.

४/ पंजाबात याच कलमात दुरुस्ती होऊन बिगरशेतकरी ऋणकोचेही एक मुख्य राहते घर वाचवले गेले. महाराष्ट्रानेही तसेच करावे. धनको बुडतील ही भीती अनाठायी आहे; कर्जासाठी तारण दिलेल्या घराला तिथेही हे संरक्षण नाही.