कडब्याची गाडी आणि मुलाचे मन

रब्बीची ज्वारी काढून झाली आणि कडब्याच्या पेंढ्या गंजीला लागल्या, की आपल्या भागातील मुलांचा कारखाना सुरू होतो. ताट सोलायचे, वरची साल व आतला पांढरा गर वेगळा करायचा आणि त्यातून बैलगाडी नाही तर चष्मा करायचा. आज आजोबा झालेल्यांनीही हे केलेले आहे. या गाडीला यंदा एक नवे काम द्यावे, असे आम्ही या पानावरून सुचवीत आहोत. सूचना लहान आहे. तिच्यामागचा प्रश्न मात्र लहान नाही.

गाडीचे चाक निखळले, की मूल स्वतःशी काय पुटपुटते ते आपण कधी ऐकले आहे का? एखादे म्हणते, "थांब, दुसरे करू." दुसरे म्हणते, "मला काहीच जमत नाही," आणि गाडी फेकून देते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी मुलांच्या या पुटपुटण्याकडे लक्ष वेधले होते. मूल आधी स्वतःशी मोठ्याने बोलते; पुढे तेच बोलणे आत जाते व त्याचा विचार बनतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे आज ओठांवर असलेले वाक्य उद्या मनात मुक्कामाला येते.

हे वाक्य मूल आणते कोठून? आम्हांला वाटते, बहुतेक वेळा आपल्याच घरातून. "ढ आहेस," "तुझ्याच्याने काय होणार," "शेजारच्या पोराकडे बघ" हे आपण दिवसातून किती वेळा बोलतो, ते मोजले तर आपल्यालाच लाज वाटेल. त्यात वाईट हेतू नसतो. उन्हातून थकून आलेला माणूस बोलून जातो आणि विसरतो. मूल विसरत नाही.

मुधोळ परिसरात त्यात आणखी एक भर पडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर हा भाग तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेला. पुढे तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. सीमा सरकली, पण अनेक घरांतील चुलीपाशी मराठीच राहिली. २०१८ साली तेलंगणाने शाळांत तेलुगू शिकणे सक्तीचे करणारा कायदा केला. राज्याची भाषा यायलाच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण घरी मराठी बोलणारे मूल वर्गात तेलुगूत अडखळते, इंग्रजीत गप्प बसते आणि 'मला भाषा येत नाही' असे न म्हणता 'मला डोकेच नाही' असे समजू लागते. शेजारी बासर येथे दूरदूरचे पालक लेकरांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी येतात. त्या पहिल्या अक्षराची आपल्या मुलखाला केवढी अपूर्वाई! मग मूल स्वतःविषयी जे पहिले वाक्य बोलते, त्याकडे आपले लक्ष नको का?

हा प्रश्न जिवाचा आहे. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमिजिएटचे निकाल लागले. त्यात मोठा गोंधळ झाला, आणि त्या दिवसांत राज्यातील वीसहून अधिक मुलामुलींनी जीवन संपविले. अशा दुःखाचे कारण एकच कधी नसते. गोंधळाचा दोष मुलांचा तर नव्हताच. तरीही आम्हांला राहून राहून वाटते की, 'मी नापास झालो' आणि 'मी नापास माणूस आहे' यांतला फरक मुलांना आपण वेळीच शिकवायला हवा. तो निकालाच्या दिवशी शिकवता येत नाही. मृग लागल्यावर नांगरटीला निघणाऱ्याची जी गत, तीच आपली होते.

यावर काही जण म्हणतील, मुलांची स्तुती करा, 'मी हुशार आहे' असे रोज घोकायला लावा. आमचे मत वेगळे आहे. नेदरलँड्समधील ९ ते १३ वर्षांच्या २१२ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुलांना गणिताची अर्धी परीक्षा झाल्यावर मनातल्या मनात एक वाक्य म्हणायला सांगितले होते. काहींचे वाक्य 'मी यात फार हुशार आहे' अशा अर्थाचे होते. काहींचे 'मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन' अशा अर्थाचे. ज्यांना स्वतःच्या कुवतीचा भरवसा नव्हता, त्यांना प्रयत्नाच्या वाक्याचा फायदा झाला. हुशारीच्या वाक्याचा झाला नाही. शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. 'यंदा पाऊस चांगला पडणार' असे म्हणून पाऊस पडत नाही. पण 'मी वेळेवर पेरणी करीन' हे आपल्या हातचे असते. मुलाच्या तोंडी हातचे वाक्य हवे.

आता गाडीविषयी.

साहित्य: ज्वारीची वाळलेली जाड ताटे ४-५, जुन्या वहीचा कागद, पेन्सिल व थोडा दोरा.

कृती: ताटाची साल पात्यासारखी धारदार असते, बोट चटकन कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्याने करावे. गराचे वीतभर लांबीचे दोन तुकडे बाजूंना ठेवून मध्ये आडवे तुकडे द्यावेत आणि सालीच्या टोकदार काड्या खिळ्यांसारख्या टोचून साटा तयार करावा. चारी कडांना काड्या उभ्या कराव्यात, म्हणजे माल पडत नाही. चाकांना गराच्या जाड चकत्या किंवा पाण्याच्या बाटलीची झाकणे चालतात. कीटकनाशकाच्या बाटलीचे झाकण मात्र धुऊनही वापरू नये. अशा बाटल्या मुलांच्या हाती लागताच कामा नयेत. जोडणी मुलाला करू द्यावी. वाकडी झाली तरी आपण सरळ करू नये.

गाडी झाली की कागदाच्या बोटभर पट्ट्या कापाव्यात. ही गाडीतली पोती. रात्री जेवणानंतर मुलाने एका पट्टीवर दोन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत आज काय अडले ते. दुसरीत उद्या आपण काय करणार ते. उदाहरणार्थ: "सातचा पाढा अडला. उद्या आईजवळ दोनदा म्हणेन." किंवा "तेलुगू धड्यातले तीन शब्द कळले नाहीत. उद्या सरांना विचारीन." पट्टी गुंडाळून, दोरा बांधून गाडीत ठेवावी. मुलाला सोपे जाईल त्या भाषेत लिहू द्यावे. लिहिता न येणाऱ्याचे आईने लिहावे. रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर गाडी रिकामी करावी आणि पोती एकेक करून वाचावीत. ज्यातले काम झाले ते बाजूला, राहिले ते पुन्हा गाडीत. मार्क, शिक्षा, बक्षीस काही नको.

एक अट मात्र आम्ही घालतो. आईवडिलांनीही आठवड्यातून एक पोते गाडीत टाकावे. "या साली कापूस हातचा गेला. सोमवारी बँकेत जाऊन साहेबांशी बोलतो." बाप 'आमच्या नशिबातच नाही' म्हणत बसला, तर मुलाची गाडी कोण ओढणार? पहिला बैल आपणच आहोत.

एका खेळण्याने कर्ज फिटत नाही, शाळेला शिक्षक मिळत नाही, हे आम्हांलाही कळते. त्यासाठी वेगळे झगडावे लागेल. परंतु संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बापांना जो इशारा दिला आहे, की लेकरांचा उत्साह मारू नका, तो पाळायला पैसा लागत नाही.

शेवटी आरोग्याची एक सूचना. पट्ट्यांवर आठवडाभर फक्त अंधारच येत असेल, मूल जेवेना, झोपेना, किंवा 'मी नसलेलाच बरा' असे काही बोलू लागले, तर गाडीच्या भरवशावर राहू नये. रागावू नये, जवळ बसून ऐकावे, मुलाला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

कडबा गुरांच्या पोटाला जातोच. त्यातली चार ताटे या वर्षी लेकरांच्या मनासाठी बाजूला काढू या.