विश्लेषण : शालूला अख्खा दिवस, अंतर्वस्त्रांना दहा मिनिटे... मधुचंद्राची खरेदी चुकते कुठे?

पुण्यात लग्न ठरले की लक्ष्मी रस्त्यावर शालू घ्यायला निदान सहा माणसे निघतात. दोन्हीकडच्या आया, एक आत्या, एक काकू, करवली आणि हिशेब सांभाळायला एखादे काका. गादीवर तीस-चाळीस साड्या उलगडतात, काठ दारापाशी उजेडात नेऊन पाहिला जातो, पदराची जर चिमटीत धरून तपासली जाते. मग परतीच्या वाटेवर, सगळ्यांचे पाय दुखायला लागलेले असताना, तुळशीबागेच्या आसपास कुठे तरी ‘ते बाकीचे’ घेतले जाते. दहा मिनिटांत. साईझ दबक्या आवाजात सांगायचा, रंग ‘स्किन नाही तर मरून’, आणि पिशवी शक्यतो काळी.

ही घाई बाजाराने बरोबर हेरली. ‘ब्रायडल सेट’, ‘हनिमून कलेक्शन’ अशा नावांनी लेस आणि सॅटिनची नाजूक अंतर्वस्त्रे, गाऊन, रोब चकचकीत खोक्यांतून विकले जाऊ लागले. हजारांतल्या किमतीही आता कुणाला दचकवत नाहीत. खरेदी महाग झाली हे खरे, पण नीट होऊ लागली असे म्हणता येत नाही.

‘लक्झरी’ कशाला म्हणायचे?

सरकारपुरते उत्तर सोपे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीची रेषा नगाला अडीच हजार रुपयांवर आखली गेली आहे. त्या किमतीपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. अडीच हजारांच्या गाऊनवर १२५ रुपये कर लागतो, २,६०० रुपयांच्या गाऊनवर ४६८. मूळ किंमत शंभर रुपयांनी वाढली की ग्राहकाचे बिल साडेचारशेच्या आसपास वाढते.

गंमत पुढे आहे. न शिवलेली साडी करासाठी कापडात मोजली जाते आणि तिच्यावर किमतीची मर्यादा न पाहता ५ टक्केच लागतात. म्हणजे एकदा नेसून कपाटात जाणारा लाखाचा शालू कराच्या हिशेबात साधा आणि तीन हजारांचा रेशमी गाऊन चैनीचा!

अंगाचे उत्तर मात्र वेगळे असते. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे. ती वीण रेशमात येते तशी पॉलिस्टरमध्येही येते, आणि ‘सिल्की सॅटिन’ म्हणून हातात पडणारे बहुतेक कापड पॉलिस्टरच असते. ते दिसते सुंदर, स्वस्तही पडते, पण घाम शोषत नाही. पैसे रेशमाचे मोजायचे असतील तर लेबलवर धाग्याचे नाव आणि टक्केवारी वाचावी. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ मध्ये सुरू केलेले सिल्क मार्कचे लेबल साडीला पाहिले जाते, तसे गाऊनलाही मागावे. शिवणीतून निघालेला एखादा सुटा धागा जाळून पाहण्याची आजीची युक्ती अजूनही चालते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

उंची कपडा ओळखायचा तर तो उलटा करून पाहावा. आतली शिवण टोचते का, लेसची कड बोटाला खरखरीत लागते का, हुकाच्या पट्टीमागे मऊ अस्तर आहे का, पँटीचा मधला तुकडा सुती आहे का? फोटोत यातले काहीच दिसत नाही. किमतीचा निम्मा अर्थ मात्र इथेच असतो.

माप कुणी घ्यायचे?

पैठणीच्या ब्लाऊजसाठी शिंप्याकडे दोन-तीन फेऱ्या होतात. ब्राचे माप मात्र अनेकदा कॉलेजात असताना कोणी तरी सांगितलेलेच पुढे चालू राहते. काउंटरवरचा माणूस ओढणीवरून अंदाज बांधतो. तो अंदाज पुष्कळदा पट्टा सैल आणि कप लहान असा निघतो. मग खांद्यावर वळ उठतात, पट्टा पाठीवर वर सरकतो आणि दोष देहाला दिला जातो.

घरी टेप घेऊन दोन मापे घेतली तरी बरेच काम होते. एक स्तनांच्या लगेच खाली, टेप घट्ट धरून. दुसरे स्तनांच्या सर्वांत भरीव भागावरून, टेप सैल ठेवून. यापुढचा गोंधळ मात्र कंपन्यांचा आहे. काही कंपन्या खालचे माप जसेच्या तसे पट्ट्याचा आकडा मानतात, तर काही त्यात चार-पाच इंच मिळवतात. त्यामुळे एकीची ३४ दुसरीच्या ३४ शी जुळेलच असे नाही. ‘मला ३४ लागते’ हे वाक्य अर्धवट आहे. इंचांतली दोन मापे लक्षात ठेवून त्या-त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे. पट्टा सैल वाटला तर ३४-बीऐवजी त्याच कंपनीची ३२-सी घालून पाहावी; दोन्हींच्या कपात तेवढीच जागा असते. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसायला हवी. कापड वापरून ढिले पडते, तेव्हा आतले हुक कामी येतात.

आणि माप कधी घ्यायचे, हा खास मराठी प्रश्न आहे. लग्नाआधी एकीकडे जिम चालू असते आणि दुसरीकडे केळवणे. यांत शेवटी कोण जिंकेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ही खरेदी साखरपुड्याच्या उत्साहात न करता लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी करावी. ऑनलाइन मागवताना तर आणखी सावध राहावे लागते, कारण अंतर्वस्त्रे परत घ्यायला बरेच विक्रेते तयार नसतात. आधी अट वाचावी, मग एकच नग मागवून घालून पाहावा. पाच नगांचा सेट त्यानंतर.

एवढा संकोच आला कुठून?

लग्नात वधूची ओटी खणानारळाने भरतात. खण म्हणजे चोळीचे कापड, अंगाला सर्वांत जवळ बसणाऱ्या वस्त्राचे. ते सगळ्यांसमोर, हळदीकुंकू लावून दिले जाते आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. चोळीच्या आत आणखी एक वस्त्र आले आणि त्याला मात्र काळी पिशवी मिळाली.

या संकोचाला सार्वजनिक बळही मिळत गेले. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने अंतर्वस्त्रे घातलेले पुतळे दुकानांसमोरून हटवण्याचा ठराव मंजूर केला होता. अशा पुतळ्यांमुळे स्त्रियांवरील गुन्ह्यांना चिथावणी मिळते, हा त्यामागचा तर्क. २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी पोळ्या लाटतानाचा एक व्हिडीओ टाकला, तर पोळ्या बाजूला राहिल्या आणि त्यांनी ब्रा घातली आहे की नाही यावर चर्चा रंगली. त्यावर त्यांनी ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ ही पोस्ट लिहिली. ती घराघरांत वाचली गेली, कारण तोवर हा विषय मराठीत एवढ्या उघडपणे क्वचितच कुणी मांडला होता.

संकोचाचा धंदा मात्र चांगला झाला. रिचा कर यांनी २०११ मध्ये बेंगळूरुत झिवामे सुरू केले ते दुकानातली कुचंबणा हेरूनच. २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने क्लोव्हियातील ८९ टक्के हिस्सा ९५० कोटी रुपयांना घेतला. मोबाइलवर नजरा चुकवाव्या लागत नाहीत, हा मोठाच दिलासा. पण मोबाइल माप घेत नाही आणि कापडाला हातही लावू देत नाही. विमाननगरच्या मॉलमध्ये किंवा लक्ष्मी रस्त्यावरही जिथे ट्रायल रूम आणि माप घेणारी बाई असेल, तिथे निवांत अर्धा तास काढणे अजूनही सरस.

निवडायचे कुणी?

मैत्रिणी थट्टेत लाल लेसचा एखादा सेट देतात. कधी नवरदेव स्वतःच ‘सरप्राइज’ म्हणून मागवतो, तेही अंदाजाने. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण लग्न ठरवून झालेले असेल, दोघांची ओळख जेमतेम चार-सहा महिन्यांची असेल, तर पहिल्याच रात्री उशीवर ठेवलेले खोके ही भेट राहत नाही. ती अपेक्षा होते. ती घातली नाही तर काय, हा प्रश्न मुलीच्या डोक्यात आणि घातली तर पुढचे सगळे ओघाने आलेच, हा समज मुलाच्या. कपड्यावरून होकार गृहीत धरण्याची ही सवय मोडायची तर विकत घेण्याआधी दोन वाक्ये बोलावी लागतात. ‘तुला असे काही आवडते का?’ हे त्यातले पहिले. नकार आला तर विषय तिथेच संपतो, पैसेही वाचतात.

सुती, ढगळ नाइट सूट घालून मधुचंद्राला जाणारीचे काही कमी पडत नाही. ज्या मुलीला रेशमाची, लेसची हौस आहे, तिने ती बिनदिक्कत भागवावी. मात्र हौस तिची असावी आणि बिलावर हक्काने तिचे नाव असावे. आणि एवढी सगळी चर्चा वधूच्या कपड्यांची का, हेही विचारायला हवे. नवरदेव बहुधा आईने आणलेल्या तीनच्या पॅकवर निघतो!

बॅग भरताना

पुण्यातल्या लग्नघरी ही बॅग एकांतात भरली जात नाही. सत्यनारायण होतो, जेजुरीला खंडोबाचे दर्शन होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असते. सासरी आपले म्हणावे असे कपाट अजून मिळालेले नसते, खोलीत नणंदा-जावांची ये-जा असते. म्हणून हा भाग माहेरीच, लग्नाच्या आठवडाभर आधी, साखळी लागणाऱ्या कापडी पाऊचमध्ये भरून ठेवावा. नवे कपडे एकदा धुऊनच आत जावेत. कारखान्यातली खळ आणि रसायने नाजूक त्वचेला टोचतात.

पाच दिवसांच्या सहलीला नाजूक नग दोन पुरतात. तीनही कमीच घातले जातात. रोजच्या वापराच्या, अंगवळणी पडलेल्या दोन ब्रा, दिवसाला एक याहून दोन-तीन जास्त सुती पँटी आणि एक साधा गाऊन यांच्यावरच सहल निभावते. साच्यातले कप एकमेकांत उलटवून दुमडू नयेत, खोबणीत खोबण बसवून रचावेत. रेशमी कपडा मऊ सुती कापडात गुंडाळावा. त्यात डांबरगोळी टाकू नये आणि त्यावर अत्तरही फवारू नये, डाग पडतात.

एक जोड हातातल्या बॅगेत हवा, कारण सामान दुसऱ्याच विमानतळावर गेल्याचे किस्से घरोघरी आहेत. तारेची ब्रा घातली असेल तर तपासणीचे यंत्र वाजू शकते. घाबरण्याचे कारण नाही, पडद्याआड महिला कर्मचारीच तपासतात.

पाळीची तारीख मुहूर्त पाहून येत नाही. गडद रंगाचे दोन नग आणि पॅड बॅगेत असावेत. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असलेल्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. शिवाय त्या गर्भनिरोधक नव्हेत. हा गैरसमज अनेक जोडप्यांना महागात पडतो.

डॉक्टरांकडे जायची वेळ का येते?

‘हनिमून सिस्टायटिस’ हा शब्द डॉक्टरांच्या बोलण्यात उगाच आलेला नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि संबंधांच्या वेळी जंतू सहज आत जातात. त्यात सहलीत पाणी कमी प्यायले जाते, स्वच्छतागृह बरे नसेल म्हणून लघवी रोखली जाते. जळजळ, वारंवार लघवीला होणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे. संबंधांनंतर लघवीला जाणे आणि भरपूर पाणी पिणे हे साधे उपाय आहेत. ताप किंवा पाठदुखी असेल तर सहल बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा.

बुरशीचा संसर्ग वेगळा. गोवा, केरळसारख्या दमट हवेत घट्ट पॉलिस्टर दिवसभर अंगावर राहिले, किंवा ओला पोहण्याचा पोशाख तसाच ठेवला, तर खाज आणि पुरळ ठरलेले. लेस आणि सॅटिन दोन-चार तासांपुरते ठीक. झोपताना सुती कपडा घालावा, नाही तर काहीच नको.

परतल्यावर?

धुणे हा सगळ्यांत अवघड भाग. हॉटेलात थंड पाणी आणि सौम्य साबण पुरतो. पिळायचे नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचे. पण घरी आल्यावर ते वाळत कुठे घालायचे? असंख्य मराठी घरांत बायकांची अंतर्वस्त्रे टॉवेलखाली किंवा परकराच्या आड वाळतात. तिथे वारा लागत नाही, ऊन तर नाहीच. पुण्याच्या पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि तशीच अंगावर चढतात. नवऱ्याचे बनियन आणि चड्डी मात्र गॅलरीच्या पुढच्या दोरीवर. लग्नाआधी दोन्ही घरांत मेनूवर, मानपानावर तासन्‌तास बैठका होतात. गॅलरीतल्या पुढच्या दोरीवर दोन चिमटे सुनेच्या कपड्यांसाठी सोडायला पाच मिनिटांचे बोलणे पुरेल, आणि ते नवऱ्याने आईशी करावे. सुती कपडे उन्हात, रेशीम आणि लेस सावलीत, पण वाऱ्यावर.