बुटांचा रंग आणि पालकांचा हक्क

जून महिन्यात माध्यमिक शाळा उघडल्या की पालकांकडे सूचनांचा ओघ सुरू होतो. पूर्वी त्या मुलाच्या वहीत घालून येत. आता भ्रमणध्वनीवर येतात. गणवेश, बुटांचा रंग, शुल्काचा हप्ता आणि तो चुकल्यास होणारा दंड यांविषयी त्यांत तिळमात्र संदिग्धता नसते. मौन असते ते एकाच बाबतीत. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमान्वये खासगी शाळेने वर्षारंभापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन करावयाचा असतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. कार्यकारी समितीवरील पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे असतात. आणि पुढील शुल्काचा प्रस्ताव याच समितीपुढे ठेवावा लागतो. ही सभा झाल्याचे कित्येक पालकांना कळते ते ती उरकल्यावर!

आम्हीही काही वर्षे हाती खडू धरला आहे. सूचना लिहिताना मुख्याध्यापकाची एक नजर संस्थाचालकांकडे असते, हे आम्ही जाणतो. सारा दोष त्याच्याच माथी मारण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्या शाळेला बुटांचा रंग कळविण्यास सवड मिळते, तिला सभेचा दिवस कळविण्यास ती का मिळू नये? पालकांनीही शुल्क भरून मागाहून कुरकुरत बसण्यापेक्षा चिठ्ठ्या केव्हा टाकणार, हे शाळेत जाऊन आताच विचारावे. ३० दिवस काही फार नव्हेत, आणि त्यांतले काही सरलेही आहेत.